सही करण्यापूर्वी : परदेशी व्यापाराच्या कागदांविषयी
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत परवा कीर्तन झाले, काल नाट्यसंगीत झाले. त्यानंतर आज आमच्यासारख्या कारखानदारांना उभे करून कस्टम्सच्या कागदांवर बोलायला लावणे म्हणजे श्रीखंडानंतर कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे. पण त्याला कारण घडले. गेल्या वर्षी आरतीनंतर आपल्यातलाच एक तरुण आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, बाहेरून ऑर्डर आलीय. माल तयार आहे. विमानाने पाठवून देऊ का? पैसे माल पोहोचल्यावर देतो म्हणतोय पार्टी." आम्ही दोघे भाऊ मांडवाच्या पायरीवर त्याच्याशी तासभर बोलत बसलो. हातातल्या द्रोणातला शिरा गार झाला. कार्यकारिणीतल्या कोणीतरी ते ऐकले आणि यंदा सांगितले, "तेच सगळ्यांसमोर बोला."

आपण बडोद्यातली मराठी माणसे इथे आलो ती दरबारच्या निमित्ताने, शिक्षणाच्या निमित्ताने. सयाजीराव महाराजांना व्यापाराची दृष्टी होती. १९०८ साली त्यांनी बँक ऑफ बडोदा स्थापन केली. आपल्यापैकी बहुतेकांनी त्या दृष्टीचा उपयोग एवढाच केला, की त्या बँकेत नोकरी धरली! आता मात्र पुढची पिढी धंद्यात उतरते आहे. कोणी मकरपुऱ्यात यंत्राचे सुटे भाग करतो, कोणी घरून मसाले नि कपडे बाहेरगावी पाठवते. इंटरनेटमुळे ग्राहक दाराशी आला आहे. पण ग्राहक दाराशी आला म्हणजे परदेश दाराशी आला, असे नाही. मध्ये समुद्र आहे, दोन देशांचे कायदे आहेत, दोन बँका आहेत, आणि या सगळ्यांमधून तुमच्या वतीने बोलणारी एकच गोष्ट आहे : तुमचा कागद.

सुरुवात समोर बसलेल्या बाप्पांपासूनच करू. पेणच्या मूर्ती अमेरिका, इंग्लंड, मॉरिशस, ऑस्ट्रेलियापर्यंत जातात हे आपणा सर्वांना माहीत आहे. आपल्याकडे मूर्ती चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरी येते. पण तिकडच्या मंडळांची मूर्ती कित्येक महिने आधी जहाजात बसते. ती मूर्ती लाकडी खोक्यात जाणार असेल, तर त्या खोक्याच्या लाकडावर एक छोटा शिक्का लागतो. त्यात गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह असते आणि भारताची 'आयएन' ही अक्षरे असतात. त्याला आयएसपीएम-१५ असे रुक्ष नाव आहे. अर्थ सोपा आहे : लाकडातली कीड मारलेली आहे. उष्णतेने मारायची असेल, तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राहावे लागते. ऑस्ट्रेलियासारख्या देशात हा शिक्का नसेल, तर आतली मूर्ती कितीही सुंदर असो, खोके अडते. त्यावर तिथे प्रक्रिया करा, परत पाठवा किंवा नष्ट करा, असे पर्याय समोर येतात, आणि खर्च आपला. म्हणजे बाप्पांनाही दुसऱ्या देशात शिरताना कागद आणि शिक्का लागतो. मग आपली काय कथा!

आता आमची गोष्ट. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी म्हण आहे. आज आम्ही 'पुढचे' म्हणून उभे आहोत.

आमचा झडपा आणि फ्लॅन्ज बनवण्याचा छोटा कारखाना आहे. साधारण दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. परदेशातल्या एका ग्राहकाने आमच्याकडून दोनदा माल घेतला, दोन्ही वेळा पैसे आगाऊ दिले. तिसऱ्या वेळी ऑर्डर मोठी आली, अकरा लाखांच्या आसपासची. ग्राहक म्हणाला, घाई आहे, विमानाने पाठवा. कागद बँकेमार्फत पाठवा, मी बँकेत पैसे भरून कागद सोडवून घेतो. आम्हाला हे पक्के वाटले. कागद बँकेच्या ताब्यात म्हणजे माल आपल्या ताब्यात, असा आमचा समज. माल गेला. विमानाच्या पावतीवर, म्हणजे एअर वे बिलावर, माल घेणारा म्हणून आम्ही ग्राहकाचे नाव लिहिले. दुसरे कोणाचे लिहिणार?

महिना झाला, पैसे नाहीत. आम्ही बँकेला विचारले. तिकडच्या बँकेने कळवले, कागद आमच्याकडे पडून आहेत, ग्राहक आलेला नाही. आम्ही म्हटले, मग माल विमानतळावर पडून असेल, परत मागवू. चौकशी केली, तर माल उतरल्यानंतर चौथ्याच दिवशी ग्राहक आपली ओळख दाखवून तो घेऊन गेला होता.

यात विमान कंपनीची चूक नव्हती, बँकेची नव्हती. चूक आमची होती. जहाजाचे बिल ऑफ लेडिंग आणि विमानाचे एअर वे बिल हे दोन्ही कागद दिसायला भावंडे, पण गुण वेगळे. 'टू ऑर्डर' असे लिहिलेले बिल ऑफ लेडिंग हा मालाच्या हक्काचा कागद असतो. मूळ प्रत ज्याच्या हाती, त्यालाच माल मिळतो. एअर वे बिल ही फक्त पावती आहे. त्यावर जे नाव लिहिले आहे, तो माणूस ओळख पटवून माल नेऊ शकतो. मूळ कागदाची गरज नाही. हा कागद हस्तांतरणीय नाही, असे त्याच्यावर ठळक छापलेलेच असते. आम्ही तो कागद दहा वेळा हाताळला होता, वाचला एकदाही नव्हता.

दोन वर्षे पाठपुरावा केल्यावर त्या रकमेतला जेमतेम चौथा हिस्सा मिळाला. त्या वर्षी घरात दिवाळी झाली, पण फराळ मोजून झाला. थोरल्या भावाच्या मुलीचे बाहेरगावचे शिक्षण एक वर्ष पुढे गेले. हे आम्ही सहानुभूतीसाठी सांगत नाही. 'कागद' म्हटले की तरुण मंडळींना ते कारकुनी काम वाटते. ते कारकुनी काम नाही. घरचा पैसा त्या ओळींमध्ये असतो, म्हणून सांगतो.

आणि दुःख तिथे संपत नाही. माल कस्टम्समधून बाहेर गेला, की त्याची नोंद रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत होते. तेवढे परकीय चलन ठरलेल्या मुदतीत भारतात यायलाच हवे, हा परकीय चलन कायद्याचा, म्हणजे १९९९ च्या 'फेमा'चा नियम आहे. अनेक वर्षे ही मुदत नऊ महिन्यांची होती. रिझर्व्ह बँक ती वेळोवेळी बदलते, म्हणून आपल्या बँकेला विचारावे. पैसे आले नाहीत, तर आपले शिपिंग बिल उघडे राहते आणि बँक आपल्यालाच विचारत राहते. म्हणजे ज्याने बुडवले तो तिकडे निवांत, आणि खुलासे देतो आपण. काही अटींवर बुडीत रक्कम माफ करून घेता येते, पण मग त्या मालावर घेतलेले सरकारी लाभ परत करावे लागतात. दुष्काळात तेरावा महिना तो हा!

मग करायचे काय? नव्या ग्राहकाला माल विमानाने जाणार असेल, तर पैसे आगाऊ घ्यावेत, निदान मोठा हिस्सा. बँकेमार्फतच व्यवहार करायचा असेल, तर तिकडच्या बँकेची आधी संमती घेऊन माल त्या बँकेच्या नावे पाठवता येतो. संमतीशिवाय पाठवू नये, बँक ती जबाबदारी घ्यायला बांधलेली नसते. उधारीवर द्यायचेच असेल, तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात पत विमा आहे. १९५७ सालापासून ही संस्था हेच काम करते. ग्राहकाने पैसे बुडवले किंवा त्याच्या देशातून पैसे येणे बंद झाले, तर मोठा हिस्सा भरून मिळू शकतो. आम्ही तेव्हा हप्त्याचे काही हजार वाचवले होते.

जहाजाने माल पाठवतानाही डोळे उघडे हवेत. मूळ बिल ऑफ लेडिंग कोण देते, हे पाहा. ग्राहकाने नेमलेल्या फॉरवर्डरने दिलेला कागद आणि जहाज कंपनीने दिलेला कागद यांत फरक असतो. फॉरवर्डर त्याच्या माणसाचा, भाडेही त्यानेच दिलेले. अशा वेळी त्या फॉरवर्डरची चौकशी माल देण्याआधी करावी. आणि 'ओरिजिनल कशाला, सरेंडर करून टाका, लवकर सुटेल' असे कोणी म्हणाले, तर आधी बँकेचे खाते पाहावे, मग सरेंडर करावे. एकदा सरेंडर झाले, की किल्ली गेली.

आता दुसरी गोष्ट. ही पहिल्यापेक्षा लहान आहे, पण बहुतेकांच्या वाट्याला येणारी आहे.

निर्यातीचा मुख्य कागद म्हणजे शिपिंग बिल. तो कस्टम्स ब्रोकर आपल्या वतीने संगणकावर दाखल करतो. जुनी मंडळी त्याला अजून सीएचए म्हणतात. दाखल करण्याआधी तो आपल्याला एक मसुदा पाठवतो. धंद्यात त्याला चेकलिस्ट म्हणतात. बहुधा हा मसुदा संध्याकाळी सात वाजता येतो, गाडी भरून उभी असते, ड्रायव्हर हॉर्न देत असतो, आणि आपण मोबाईलवर दोन अक्षरे लिहितो : 'ओके'. मित्रहो, आमच्या घराण्यात आजवर लिहिला गेलेला सर्वांत महागडा शब्द तोच आहे.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला. निर्यातीवर भरलेला कर परत मिळतो, आणि त्यासाठी शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज मानला जातो. आमच्या जीएसटीच्या विवरणपत्रात इन्व्हॉइसचा एक क्रमांक होता आणि शिपिंग बिलात दुसरा. फरक काय, तर एका आडव्या रेघेचा आणि शेवटच्या दोन आकड्यांचा. संगणकाला रेघेचे प्रेम नसते आणि दयाही नसते. परतावा अडकला. त्या वर्षी देशभर कितीतरी निर्यातदारांचे असे झाले, तेवढाच दिलासा. कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ प्रमाणे दाखल केलेल्या कागदात दुरुस्ती मागता येते, पण त्या वेळी अस्तित्वात असलेल्या पुराव्यावरच. अर्ज, पत्रे, खेपा. पैसे शेवटी आले. सात महिने आमचे भांडवल त्या एका रेघेत अडकून पडले होते.

आम्ही ब्रोकरवर रागावलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्हीच ओके लिहिलं होतं." त्याने संदेश दाखवला. आमचे तोंड बंद.

हे नीट समजून घ्या. २०११ पासून आपल्या कायद्यात स्वयं-निर्धारण आहे. मालाचे वर्णन, वर्गीकरण, किंमत, लागणारे शुल्क हे व्यापाऱ्याने स्वतः ठरवून जाहीर करायचे. अधिकारी ते तपासतो. ब्रोकर कागद भरतो, पण त्यातले बोलणे तुमचे असते. जाणूनबुजून खोटा कागद दिला, तर कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. चुकून झालेली चूक आणि खोटेपणा यांत कायदा फरक करतो, पण तो फरक सिद्ध करायला आपलेच कागद लागतात.

त्या प्रसंगानंतर आमच्या सूनबाईंनी घरात एक पद्धत पाडली. माल निघायच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर पाच कागद एका ओळीत मांडायचे : ग्राहकाची ऑर्डर, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिलाचा मसुदा आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने बोट ठेवून ताडायचे. नाव, पत्ता, मालाचे वर्णन, नग, निव्वळ वजन, एकूण वजन, किंमत, चलन, बंदर. पोथी वाचताना ओळ चुकली की आजी जशी थांबवायची, तसे थांबवायचे. पंचवीस मिनिटे लागतात. गेल्या सहा वर्षांत या पंचवीस मिनिटांनी आम्हाला किती वेळा वाचवले, ते मोजणे आम्ही सोडून दिले आहे.

टेबलावर त्या पाच कागदांत काय पाहायचे, ते थोडक्यात सांगतो.

पहिले, आपली ओळख. निर्यात-आयातीसाठी आयईसी क्रमांक लागतो. तो आता पॅनवरच आधारलेला आहे. पण मिळाला म्हणजे झाले असे नाही. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती संकेतस्थळावर पुन्हा निश्चित करावी लागते. काही बदल नसला तरी. विसरलात तर क्रमांक निष्क्रिय होतो, आणि हे कळते ते गाडी बंदराच्या वाटेवर असताना. तसेच आपल्या बँकेचा एडी कोड कस्टम्सकडे नोंदलेला आहे ना, आणि कर न भरता निर्यात करत असाल तर त्या आर्थिक वर्षाचे हमीपत्र, म्हणजे एलयूटी, दिले आहे ना, हे पाहावे.

दुसरे, मालाचा क्रमांक, म्हणजे एचएस कोड. आपल्याकडे तो आठ आकडी असतो; त्यातले पहिले सहा आकडे जगभर बहुतेक सर्वत्र सारखे. आमच्या एकाच बाकावर बनणारी झडप ८४८१ मध्ये जाते आणि शेजारचा पोलादी फ्लॅन्ज ७३०७ मध्ये. एक यंत्रसामग्रीच्या प्रकरणात, दुसरा लोखंड-पोलादाच्या वस्तूंच्या. 'गेल्या वेळी जो टाकला तोच टाका' हे उत्तर चालत नाही. आणि 'सुटे भाग' एवढेच वर्णन कधीही लिहू नका. कशाचे भाग, कोणत्या धातूचे, कशासाठी, हे लिहा. तिकडचे शुल्क आणि इकडचा 'रोडटेप'सारखा लाभ, दोन्ही त्या आकड्यांवर ठरतात. तो लाभ हवा असेल, तर तसे शिपिंग बिलातच नोंदवावे लागते. नंतर आठवून उपयोग नाही.

तिसरे, परवानगी. बडोद्याच्या पट्ट्यात रसायनांचे आणि रसायन-यंत्रांचे काम खूप आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. 'स्कोमेट' नावाची एक सरकारी यादी आहे. नागरी कामाला आणि शस्त्रे बनवायलाही वापरता येतील अशा वस्तू तिच्यात आहेत. काही रसायने, आणि विशिष्ट गंजरोधक मिश्रधातूंच्या झडपा, पंप, रिॲक्टर यांचाही त्यात समावेश आहे. आपण औषधी कारखान्यासाठी म्हणून पाठवलेली निष्पाप झडप तिच्या धातूमुळे त्या यादीत बसू शकते, आणि मग परवान्याशिवाय ती देशाबाहेर पाठवणे हा गुन्हा ठरतो. ग्राहक कोण, माल शेवटी कोणाकडे जाणार आणि कशासाठी, हे लेखी विचारण्यात संकोच करू नका. खरा ग्राहक रागावत नाही.

चौथे, व्यवहाराच्या अटी. एफओबी, सीआयएफ ही अक्षरे आपण सहज वापरतो. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या २०२० च्या नियमावलीत अशा ११ अटी आहेत, आणि प्रत्येकीत खर्च कुठपर्यंत आपला, धोका कुठपर्यंत आपला, हे लिहिलेले आहे. एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत धोका आपला. पण आपण कंटेनर बडोद्याजवळच्या डेपोत देऊन मोकळे होतो. तिथून मुंद्रा किंवा न्हावा शेवा, तिथून जहाज. मधल्या सगळ्या प्रवासात काही झाले तर नुकसान आपले, आणि माल तर आपल्या हातात नाही! म्हणून कंटेनरच्या मालाला एफसीए ही अट जास्त योग्य. त्यात वाहतूकदाराच्या हाती माल दिला की धोका संपतो.

पाचवे, वजन. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवत नाहीत. माल, पॅकिंग आणि रिकामा कंटेनर, सगळे मिळून. हे अंदाजाने लिहू नका. चुकीच्या वजनाने जहाजावरच्या थप्प्या कोसळू शकतात. तिथे माणसे काम करत असतात.

आता विमा. '२०२१ सालचे ते अडकलेले जहाज' म्हटले की सर्वांना आठवेल. एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचे जहाज २३ मार्चला सुएझ कालव्यात आडवे झाले आणि २९ मार्चला सुटले. बातम्या तिथे संपल्या, पण व्यापाऱ्यांची गोष्ट तिथे सुरू झाली. इजिप्तने ते जहाज जुलैपर्यंत सोडले नाही. आणि जहाजाच्या मालकांनी 'जनरल ॲव्हरेज' जाहीर केले. हा समुद्राचा फार जुना कायदा आहे : सर्वांचे जहाज वाचवण्यासाठी जो खर्च झाला, तो जहाज आणि सगळ्या मालाचे मालक मिळून वाटून घेतात. म्हणजे ज्याच्या पेटीला ओरखडाही पडला नाही, त्यालाही आपल्या वाट्याची हमी दिल्याशिवाय माल मिळत नाही. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते; नसेल तर स्वतःच्या खिशातून अनामत. आणि विमा काढताना सीआयएफमध्ये किमान संरक्षण पुरते, पण ते खरोखर किमानच असते, हे लक्षात ठेवा.

आयातीबद्दलही चार वाक्ये. बाहेरून यंत्र किंवा कच्चा माल आणणार असाल, तर बिल ऑफ एन्ट्री जहाज येण्याआधीच दाखल करण्याची तयारी ठेवा. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार लागतो. त्याशिवाय बंदराचे जागाभाडे वेगळे, कंटेनर अडकवल्याबद्दल जहाज कंपनीचे डिटेन्शन वेगळे. अमुक देशाशी करार आहे म्हणून शुल्क कमी लागेल, असे विक्रेत्याने सांगितले, तर नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. २०२० च्या सप्टेंबरपासून तो माल खरोखर त्याच देशात बनला आहे याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची असते.

शेवटी एक अवघड गोष्ट बोलतो. आज ना उद्या तुम्हाला एक गोड संदेश येईल : "भाई, इन्व्हॉइसवर निम्मी किंमत दाखवा, इकडे आमचं शुल्क वाचेल; उरलेले पैसे दुसऱ्या वाटेने देतो." आम्हालाही आला होता. ज्या वर्षी आला, त्या वर्षी हाताला काम कमी होते आणि कामगारांचे पगार द्यायचे होते. आम्ही दोघे भाऊ त्यावर एक रात्र भांडलो. एकाचे म्हणणे, सगळेच करतात. दुसऱ्याचे म्हणणे, पेटी समुद्रात पडली तर विमा निम्म्याचाच मिळेल, उरलेल्या निम्म्यासाठी दाद मागायला कागद नाही, आणि दुसऱ्या वाटेने आलेला पैसा बँकेला काय म्हणून दाखवणार? एकदा खोटा कागद ग्राहकाच्या हाती गेला, की पुढची दहा वर्षे आपली मान त्याच्या हातात. आम्ही नाही म्हणून कळवले. तो ग्राहक गेला. परत आला नाही. गोष्टीतल्यासारखा दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा ग्राहक आला, असेही घडले नाही. ते वर्ष कसेबसे काढले. पण गेल्या वर्षी कस्टम्सचे तपासनीस आमच्या जुन्या फायली पाहायला आले, तेव्हा आम्ही कपाट उघडून दिले आणि चहा सांगायला गेलो. त्या चहाची किंमत आम्हाला ठाऊक आहे. फायली आम्ही आठ वर्षे जपतो, तुम्हीही जपा.

तरुण मंडळींनी हे ऐकून घाबरू नये. परदेशी व्यापार अवघड नाही. नेमका आहे, एवढेच. घरात लग्नाच्या याद्या करणारी, मुहूर्त आणि मानपान बिनचूक सांभाळणारी माणसे आपल्याकडे काही कमी नाहीत. तीच शिस्त इथे लागते. दुसऱ्याचा ब्रोकर हुशार असू द्या, फॉरवर्डर ओळखीचा असू द्या, बँकेतले साहेब आपल्या मंडळाचे सभासद असू द्या; वाचायचे आपणच. मोबाईलवर 'ओके' लिहिण्यापूर्वी टेबलावर कागद मांडा आणि मोठ्याने वाचा.

गेल्या वर्षी ज्याने आम्हाला पायरीवर गाठले, तो तरुण आज मागच्या रांगेत बसला आहे. त्या रात्रीनंतर त्याने पार्टीकडे निम्मे पैसे आगाऊ मागितले. पार्टीने थोडी कुरकुर करून दिले आणि माल नीट पोहोचला. त्याचे पाच कागद आम्ही त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात मांडून वाचले. दोन चुका निघाल्या. आई म्हणाल्या, "एवढं तर मी पण वाचू शकते." आम्ही म्हटले, ताई, नेमके हेच आम्हाला सांगायचे आहे.

उत्सव संपल्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही मंडळाच्या वाचनालयात बसणार आहोत. ज्यांना ऑर्डर आली आहे त्यांनी कागद घेऊन यावे. माल निघून गेल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी.



गणपती बाप्पा मोरया!